तीन घोटांच्या जागी चार

कुपवाडच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या मागं माझं गॅरेज.
पत्र्यावर नाव नाही, नुसती गाडी रंगवलीय,
तीही पेंटरनं स्टिअरिंग डावीकडं काढून.

मगदूम मास्तर कवठेपिरानहून आले,
किल्ली टेबलावर ठेवली.
"भूपाल, ही आपल्या उसावर चालली पाहिजे."
जसं काही टाकीत कांडं खुपसायचं
आणि निघायचं बुधगावला.

मास्तर, म्हटलं, जुनी असती तर कार्बोरेटरचा जेट मोठा केला असता,
स्क्रू पिळला असता, झालं.
ही हुशार आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी हिचं नाक,
धूर हुंगून वर मेंदूला कळवतं,
मेंदूला वाटतं, इंधन कमी पडतंय,
थोडं वाढवतो, अजून वाढवतो, मग हात टेकतो
आणि डॅशवर पिवळा दिवा लावून बसतो.
आधी तिला समजवावं लागतं,
की बाई, आता तीन घोटांच्या जागी चार घे,
घाबरू नको.

मायलेज पडणार, मास्तर.
"पडू दे."
आरसी बुकात पेट्रोल लिहिलंय.
यावर मास्तर छताकडं बघत राहिले.

नऊ दिवस गाडी पोट उघडून पडली होती.
जुन्या रबरी रिंगा वाटीत भिजत घातल्या,
सकाळी बघतो तर मटकीसारख्या फुगलेल्या.
बदलल्या. पंप बदलला. लाइनीत नवा सेन्सर ओवला.
काचेच्या नळीत निम्मं इंधन, निम्मं पाणी
हलवून ठेवलं खिडकीत:
पाणी आपलं माणूस ओळखतं, खाली ओढून घेतं,
पेट्रोल वर राहतं, एकटं, पातळ.
मी रेघ वाचायचो, वहीत मांडायचो,
लॅपटॉपवर आकडे ढकलायचो.
हाताचा वास उडून जायचा.
शर्टाचा नाही.

पाचव्या रात्री त्रिशलानं दार उघडलं
आणि दारातच थांबली.
तीन वर्षं झाली होती. वर दोन महिने.
काही विचारलं नाही तिनं.
आधी विचारायची तेव्हा मी खोटं सांगायचो.
आता खरं सांगायला तोंड उघडलं
तर तेही जुन्यासारखंच ऐकू आलं.
ताट वाढलं. आमटी गार होती.

दहाव्या दिवशी डबा द्यायचं निमित्त करून ती गॅरेजवर.
जानेवारी, साडेसात, मास्तर माकडटोपीत.
स्टार्टर मारला. नाही.
परत मारला. नुसतीच खोकली.
थंडीत असंच होतं, मी सांगत होतो कुणाला तरी,
याची वाफ लवकर होत नाही, सुरुवातीला पेट्रोलचा हात लागतो.
फिल्टर काढला, उलटा धरला.
काळं, दाट, वाळूसारखं काहीतरी तसराळ्यात पडलं.

"एवढी घाण कुठनं आली?" त्रिशला.

टाकीतच होती. सात वर्षांची.
पेट्रोल तिच्या वाटेला जात नव्हतं,
हे धुऊन काढतं. पहिले दोन-तीन फिल्टर तुंबणारच.
लोक घाबरतात, परत जुन्यावर जातात.

"माहीताय मला," ती म्हणाली.
खिडकीतली काचेची नळी उचलली,
नाकाशी नेली, बराच वेळ धरली,
खाली ठेवली, जिथं होती तिथंच.

चौथ्या खेपेला इंजिन धरलं.
थरथरलं, सावरलं, एका लयीत आलं.
मास्तर मागं जाऊन धुरात उभे राहिले.
"गुऱ्हाळासारखा वास येतोय!"
"नाही येत," त्रिशला म्हणाली. तिला वासातलं कळतं.

जाताना डब्याची पिशवी रिकामी करून
माझ्या पुढ्यात धरली.
"धुतलेला दुसरा आणलाय, खाली आहे.
हा हितंच खुंटीला ठेवत जा.
घरी आणू नको."